आरोग्यशिक्षण आणि पर्यावरणशिक्षण: दोन विषय, तीन खाती आणि एकच शाळा

धागालेखक: मृगनक्षत्र

भारतातल्या शाळांमध्ये पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. अधिवक्ते एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटे या विषयासाठी राखावीत, असे निर्देश त्यात होते; आणि त्यांच्याच जोडीने प्रत्येक राज्य सरकारने व शिक्षण मंडळाने पर्यावरणाचे शिक्षण इयत्तांच्या चढत्या क्रमाने सक्तीचे करावे, असेही सांगितले होते. राज्यांनी हा शेवटचा निर्देश पुढची बारा वर्षे जवळजवळ बासनात गुंडाळून ठेवला. अखेर १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला नमुना अभ्यासक्रम तयार करायला लावला आणि २००४ मध्ये तो सर्व राज्यांनी स्वीकारावा असे बजावले.

त्यानंतर लगेचच २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्याची भूमिका निराळी निघाली. पर्यावरणाचा वेगळा तास ठेवण्यापेक्षा ते भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या सगळ्यांत विणावे, असा त्याचा कल होता. या आराखड्यासाठी नेमलेल्या ‘अधिवास आणि अध्ययन’ या अभ्यासगटाचे अध्यक्ष डॉ. माधव गाडगीळ होते. मुलांनी आपल्या परिसरातील पाणी, झाडे, जमीन आणि प्रदूषण यांचे प्रत्यक्ष प्रकल्प करावेत, आणि त्यांतून जमा होणारी माहिती वहीत पडून न राहता सर्वांना पाहता येईल अशा खुल्या भांडारात जावी, ही त्या गटाची कल्पना होती. देशातल्या लाखो शाळा दरवर्षी आपापल्या गावाची पाहणी करतील, हा विचार आजही मला अभ्यासक्रमाच्या साऱ्या चर्चेत सर्वांत धाडसी वाटतो. प्रत्यक्षात आपल्या हाती काय आले, ते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना ठाऊक आहे: पर्यावरण प्रकल्पाच्या तयार वह्या दुकानात मिळतात.

आरोग्यशिक्षणाची वाट याहूनही जुनी आहे. १९४६ च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवेचा विचार केला होता, आणि १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२० मध्ये, आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य आणि स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक शिक्षक व एक शिक्षिका, आरोग्यदूत म्हणून काम करावे आणि दर मंगळवारी एक सत्र घ्यावे अशी योजना आहे. या कार्यक्रमाचे अकरा विषय आहेत. निकोप वाढ, मानसिक स्वास्थ्य, नातेसंबंध, लिंगभाव समानता, पोषण व स्वच्छता, व्यसनप्रतिबंध, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे ते सगळे आवश्यकच विषय आहेत. परंतु त्यांत श्वासात जाणारी हवा, विहिरीचे पाणी किंवा उन्हाळ्याचा तडाखा यांसाठी स्वतंत्र जागा नाही. उलट पर्यावरणाच्या पुस्तकांत ओझोनचा थर आणि वितळणारे हिमनग असतात, पण वर्गात बसलेल्या मुलाचे शरीर नसते.

माझे म्हणणे असे आहे की, हे दोन विषय शाळेत वेगळे असूच शकत नाहीत. कारण मुलाला पर्यावरण भेटते ते पिण्याच्या पाण्यातून, दुपारच्या जेवणातून, स्वच्छतागृहातून आणि मैदानावरच्या धुळीतून, आणि आरोग्यही त्याला नेमके तिथेच भेटते. आपण मात्र आरोग्य खात्याचा कार्यक्रम, शिक्षण खात्याचा विषय आणि पर्यावरण खात्याचा उपक्रम असे तीन कप्पे केले आहेत आणि प्रत्येक कप्प्याला आपली वेगळी नोंदवही दिली आहे. प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांचा आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांचा अनुभव काय आहे, हे वाचायला आवडेल.

---

कलमदान

धागा आवडला, पण न्यायालयाच्या भूमिकेबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो.

‘सर्व विषयांत विणावे’ ही कल्पना कागदावर फार सुंदर दिसते. परंतु जो विषय सर्व शिक्षकांचा असतो तो प्रत्यक्षात कोणाचाच नसतो. वेळापत्रकात चौकोन नसेल तर तास नाही, तास नसेल तर शिक्षक नाही, आणि शिक्षक नसेल तर त्याचे प्रशिक्षणही होत नाही. न्यायालयाने सक्तीचा आग्रह धरला तो या प्रशासकीय वस्तुस्थितीची जाणीव ठेवूनच धरला असावा, असे मला वाटते. सक्ती नसती तर महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आणि नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हे विषय आले असते का, याविषयी मला शंका आहे.

न्यायालयाच्या हाती जे नाही तेही मान्य केले पाहिजे. आदेशाने वेळापत्रकात जागा मिळवून देता येते, परंतु शिकवण्याची आच आदेशाने निर्माण होत नाही. गुणांऐवजी श्रेणी असलेल्या विषयांचे शाळेत काय होते, हे आपण ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ या विषयाच्या बाबतीत वर्षानुवर्षे पाहत आहोत. दहावीच्या वर्गात दिवाळीनंतर तो तास गणिताला किंवा विज्ञानाला जातो आणि श्रेणी मात्र सर्वांना ‘अ’ मिळते.

---

वऱ्हाडी_फळा

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. धागालेखकांनी नोंदवह्यांचा उल्लेख केला आहे म्हणून त्याबद्दल आधी लिहितो.

सकाळी परिपाठ होतो. त्यानंतर पोषण आहाराचा शिधा मोजून द्यावा लागतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम डाळ हे प्रमाण आता मला झोपेतही सांगता येईल. जेवण मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः खाऊन चव रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा असतो. ठरलेल्या दिवशी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी द्यायची, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी द्यायची, आणि दोन्हींच्या वेगळ्या नोंदी ठेवायच्या. पावसाळ्यात झाड लावायचे, त्याचा मुलासोबत फोटो काढायचा आणि तो लिंकवर चढवायचा. परसबागेचा फोटो वेगळा, हात धुवा दिनाचा वेगळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. परंतु ही सारी कामे ‘शैक्षणिक’ म्हणूनच येत असल्यामुळे त्यांना कलम २७ लागू होत नाही. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते असे की, धागालेखक ज्याला एकत्रीकरण म्हणत आहेत त्याचे सगळे साहित्य शाळेत रोज येऊन पडते, आणि आम्ही त्याचे शिक्षण न करता त्याची माहिती भरतो.

आता आमच्याकडचा प्रश्न सांगतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतील कित्येक बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५ मिलिग्रॅमपर्यंत. हे पाणी दिसायला स्वच्छ असते, त्याला वास नसतो, चव तर साध्या विहिरीच्या पाण्याहून अनेकांना बरी वाटते. आमच्या वर्गात मुले हसली की पिवळे-तपकिरी पट्टे असलेले दात दिसतात. ही मुले दात घासत नाहीत असा पाहुण्यांचा समज होतो, आणि स्वच्छतेच्या सत्रात त्यांना दात घासण्याचे प्रात्यक्षिक दाखवले जाते. बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकांनी पाणी उकळून प्या, म्हणजे सर्व दोष जातात, असे मुलांना सांगितले. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. आरोग्याचा धडा पर्यावरणापासून तोडून शिकवला की तो चुकीचाच होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

मी पाचवीच्या वर्गाला ‘परिसर अभ्यास’ शिकवताना पुस्तकातील पाण्याचा पाठ बाजूला ठेवून गावातील पाण्याच्या जागांचा नकाशा काढायला लावला. कोणते घर कोठून पाणी भरते, बोअर किती फूट खोल आहे, कोणता हातपंप पाणी पिण्यास अयोग्य म्हणून लाल रंगाने रंगवलेला आहे आणि तरीही लोक तेथूनच का भरतात, हे मुलांनी विचारून आणले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका मुलीने आणले ते असे: “आजीला लांबच्या विहिरीपर्यंत चालवत नाही.” हा सामाजिक शास्त्राचा पाठ आहे की आरोग्याचा, हे मला ठरवता आलेले नाही.

---

डॉक्टर_निंबोणी

फळा सरांनी दातांचा विषय काढला म्हणून वैद्यकीय बाजूने थोडे लिहिते. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात काम केले आहे; हा कार्यक्रम २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो.

दातांवर फ्लोराइडचे डाग पडतात ते दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत. दात एकदा बाहेर आल्यानंतर त्याच पाण्याने असे नवे डाग पडत नाहीत. त्यामुळे शाळेतील मुलांचे दात पाहिले की मागच्या काही वर्षांत त्या गावाने कोणते पाणी प्यायले याची नोंदच समोर येते. हाडांचा त्रास मोठ्या वयात, पुष्कळ उशिरा दिसतो. याचा अर्थ, संपूर्ण गावाला सर्वांत आधी सावध करू शकणारी माहिती प्राथमिक शाळेच्या वर्गात असते. आमचे पथक येते, तपासणी अर्जावर दातांच्या रकान्यात खूण करते आणि निघून जाते. ती खूण पाणीपुरवठा विभागापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

निळ्या गोळीबद्दलही लिहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयग्रस्त होते. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, चहासोबत घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, आणि लिंबू किंवा आवळ्यासोबत घेतली तर चांगले शोषले जाते. शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. ही चार वाक्ये वर्गात आधी सांगितली नाहीत म्हणून एका मुलीला उलटी झाल्यावर गोळीविषयी अफवा पसरली, आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या मुलींनी गोळी खिशात घालून घरी जाताना फेकली, असे मी पाहिले आहे. त्याच मुलींच्या विज्ञानाच्या पुस्तकात हिमोग्लोबिनवर स्वच्छ आकृतीसह धडा होता. गोळी सोमवारी आणि धडा जानेवारीत, अशी ती व्यवस्था होती.

---

गणिताचा_तास

सर्वांचे मुद्दे वाचले. विरोधी मत नोंदवतो, गैरसमज नसावा.

‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या सुमारे पाव मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. असे असताना शाळेवर पर्यावरण, आरोग्य, जलसुरक्षा, वाहतूक सुरक्षा, आर्थिक साक्षरता आणि सायबर सुरक्षा या सर्वांचा भार टाकणे मला योग्य वाटत नाही. समाजाला जो प्रश्न सोडवता येत नाही तो शाळेच्या दप्तरात टाकायचा, ही आपली जुनी सवय आहे. कायद्याने प्राथमिक शाळा वर्षाला २०० दिवस आणि उच्च प्राथमिक शाळा २२० दिवस चालते; त्यांतून सण, शिबिरे आणि परीक्षा वजा केल्यावर जे उरते त्यात आधी वाचन आणि गणित पक्के व्हावे. वाचता आले की मूल गोळीच्या पाकिटावरचा मजकूर स्वतः वाचेल.

---

मृगनक्षत्र (गणिताचा_तास यांना)

भाराविषयीचे आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी आणखी एक पुस्तक मागत नाही.

मात्र वाचन आधी आणि परिसर नंतर, असा क्रम लावता येईल असे मला वाटत नाही. तिसरी ते पाचवीचा ‘परिसर अभ्यास’ हा विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांचा एकत्रित विषय आहे, आणि एनसीईआरटीच्या रचनेत पहिली-दुसरीला तर परिसर स्वतंत्र विषय म्हणून नसतोच, तो भाषेच्या आणि गणिताच्या तासातच असतो. वर फळा सरांनी सांगितलेला नकाशा पाहा. किती घरे, किती हंडे, किती फूट खोल, कोणत्या महिन्यात पाणी आटते, हे मोजणे, त्याचा तक्ता करणे आणि चार वाक्यांत लिहून वाचून दाखवणे, हेच तर भाषेचे आणि गणिताचे काम आहे.

ही कल्पना परदेशातून आयात करण्याचीही गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जो बुनियादी शिक्षणाचा आराखडा केला, त्यात मुलाचा नैसर्गिक परिसर, सामाजिक परिसर आणि हस्तोद्योग या तीन केंद्रांभोवती सर्व विषय गुंफायचे होते. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाच्या प्रयोगात, सफाई आणि आरोग्य हा शिक्षणाचाच भाग होता. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा का मावळल्या, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

---

टोकियोतला_सदाशिव

मी गेली काही वर्षे जपानमध्ये राहतो आणि माझी मुले येथील सार्वजनिक प्राथमिक शाळेत जातात. दोन गोष्टी उपयुक्त वाटतील म्हणून लिहितो.

येथे शालेय भोजनाचा कायदा १९५४ पासून आहे, आणि २००५ मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र मूलभूत कायदा झाला. त्याच वर्षी ‘पोषण शिक्षक’ हे पद निर्माण करण्यात आले. ही व्यक्ती शाळेच्या जेवणाची आखणी करते आणि त्याच जेवणाच्या आधारे वर्गात शिकवतेही. जेवणाची वेळ हा मधल्या सुट्टीचा भाग समजला जात नाही; ती शिक्षणाची वेळ समजली जाते. मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून आळीपाळीने वाढतात, भांडी परत नेतात, आणि अनेक शाळांत दुधाचे कागदी खोके धुऊन, उघडून, वाळवून पुनर्वापरासाठी देतात. याखेरीज प्रत्येक शाळेत आरोग्यकक्ष असतो आणि तो सांभाळणारी आरोग्यशिक्षिका शिक्षकवर्गातच गणली जाते.

आपल्याकडेही दुपारचे जेवण आहेच. पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. एवढी मोठी प्रयोगशाळा रोज भरत असताना तिचा पाठ्यपुस्तकाशी संबंध नसावा, याचे मला नवल वाटते.

---

वऱ्हाडी_फळा (टोकियोतला_सदाशिव यांना)

आपण लिहिलेले सर्व वाचून हेवा वाटला. मात्र दोन फरक लक्षात घ्यावेत.

पहिला पैशाचा. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना केंद्राचे मूळ मानधन महिन्याला १,००० रुपये आहे आणि तेही वर्षातले दहा महिने. राज्य त्यात भर घालते, तरीही त्या रकमेत कोणाचे घर चालत नाही. पोषण शिक्षकाचे पद तर स्वप्नातच आहे. तरीही खरी पोषण शिक्षिका कोणी असेल तर ती याच ताई आहेत. परसबागेतील शेवग्याची पाने वरणात कधी घालायची, हे त्यांनीच मुलांना शिकवले.

दुसरा फरक अधिक गंभीर आहे. मुलांनी शाळा स्वच्छ करावी, हे येथे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात स्वच्छतागृह धुण्याचे काम कोणत्या मुलांना सांगितले जाते, हे पाहिल्याशिवाय त्या उपक्रमाचे कौतुक करू नये. ठरावीक वस्तीतील मुलांनाच झाडू दिला जातो अशा बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत राहिल्या आहेत. गांधीजींच्या कल्पनेत सफाई होती ती नेमकी हीच विभागणी मोडण्यासाठी. पाळीची यादी भिंतीवर लावलेली असेल, तिच्यात सरपंचांच्या नातवाचेही नाव असेल आणि शिक्षकाचेही असेल, तरच ते शिक्षण. एरवी ती बिगारी.

---

शेवंता

चर्चा पाण्यावर आणि जेवणावर चालली आहे. मुलींच्या बाबतीत जे घडते तेही येथे यावे, म्हणून लिहिते.

लैंगिक शिक्षणाचा समावेश असलेला किशोरवयीन शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००५ मध्ये आला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्याला मज्जाव केला. पुस्तिकेतील आकृत्यांवरून विधिमंडळात गदारोळ झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हापासून हा विषय ‘जीवनकौशल्ये’, ‘निकोप वाढ’ अशा झाकलेल्या नावांनी येतो. नाव झाकल्याने काम होत असेल तर माझी हरकत नाही, पण शिक्षकही मग झाकूनच शिकवतात आणि मुलांना वर्गाबाहेर पाठवून मुलींना घाईघाईने काहीतरी सांगितले जाते.

दरम्यान ८ मार्च २०१८ रोजी राज्याने अस्मिता योजना आणली आणि जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट मिळू लागले. आरोग्याच्या दृष्टीने हे चांगलेच पाऊल होते. परंतु वापरलेले पॅड टाकायचे कोठे, हा प्रश्न त्या पाकिटाबरोबर आला नाही. परिणामी ते स्वच्छतागृहाच्या भांड्यात जातात, भांडे तुंबते, तुंबलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप लागते, आणि मग त्या चार दिवसांत मुली शाळेत येत नाहीत. काही जणी शाळेत पाणीच पीत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांत असे पॅड नीट गुंडाळून कोरड्या कचऱ्यात द्यावेत असे म्हटले होते. आमच्या गावात कचरा वेगळा गोळा करणारी गाडीच येत नाही. आरोग्य खात्याने पॅड दिले, पर्यावरणाच्या तासाला प्लॅस्टिकबंदीवर निबंध झाला, आणि या दोहोंच्या मधे असलेल्या एका कुलूपबंद दाराबद्दल कोणत्याच पुस्तकात ओळ नाही. धागालेखकांचे म्हणणे मला पटते ते या अनुभवामुळे.

---

कलमदान

शेवंताताईंच्या प्रतिसादानंतर वेगळा विषय हवा की विणलेला, हा माझा आधीचा वाद मलाच थोडा कोरडा वाटू लागला आहे. तरीही वेळापत्रकातील चौकोनाचा आग्रह मी सोडणार नाही.

---

मृगनक्षत्र

चौकोन हवाच, यावर माझी सहमती आहे. मला सुचते ते असे.

आठवड्यातून एक जोडतास ठेवावा आणि त्यासाठी मंगळवारच्या आरोग्यसत्राचा तास व पर्यावरणाच्या प्रकल्पाचा तास एकत्र करावा. नवा तास मागू नये. त्या तासाला पुस्तक नसावे. शाळेचे पाणी, जेवण, स्वच्छतागृह, कचरा, डास आणि ऊन यांपैकी एक गोष्ट घेऊन एका सत्रात तिचीच पाहणी करावी. डासांचे उदाहरण घेतले, तर अंड्यापासून डास होण्यास उष्ण दिवसांत सुमारे आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचा, हे कारण मुलांना अळ्या मोजताना कळते. भिंतीवरच्या घोषणेतून ते कळत नाही. आणि पाहणीचा निष्कर्ष शाळा व्यवस्थापन समितीच्या व ग्रामसभेच्या पुढे वाचून दाखवावा. गाडगीळ गटाने सुचवलेले खुले भांडार देशपातळीवर कधी होईल ते होवो, गावापुरते भांडार म्हणजे ग्रामपंचायतीचा फलक आहेच.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर धोक्याच्या पातळीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे आणि का, हे किती शाळांतील मुलांना माहीत असेल? सातवीचे मूल ते विचारू लागले, तर ग्रामसेवकाला उत्तर द्यावेच लागेल.

---

गणिताचा_तास

नवा तास न मागता जुने दोन जोडायचे असतील, तर माझा विरोध बराच कमी होतो. एक अट मात्र असावी: या तासाचा फोटो कोठेही चढवायचा नाही.

---

वऱ्हाडी_फळा

वरच्या अटीला माझे शंभर टक्के अनुमोदन.

---

कलमदान

एक सावधगिरी नोंदवतो. पाण्याची, डासांची, कचऱ्याची माहिती सार्वजनिक करण्यास काहीच हरकत नाही. ती गावाचीच आहे. मुलांच्या शरीराविषयीची माहिती मात्र त्याच फलकावर जाता कामा नये. कोणाचे हिमोग्लोबिन किती, कोणाच्या दातांवर डाग, कोणाचे वजन कमी, हे नावानिशी वाचून दाखवले गेले तर त्या मुलाला आयुष्यभर चिडवले जाईल, आणि मुलीच्या बाबतीत तर लग्नाच्या बोलणीपर्यंत ते पोहोचेल. फ्लोराइडग्रस्त गावांतील मुलींची लग्ने दातांमुळे अडतात, हे मी कामानिमित्त ऐकले आहे.

---

डॉक्टर_निंबोणी

अत्यंत महत्त्वाचा मुद्दा. दातांची पाहणी करायचीच असेल तर ती पथकातील डॉक्टरांनी करावी, शिक्षकांनी किंवा मुलांनी एकमेकांची करू नये, आणि शाळेकडे फक्त इयत्तावार एकूण संख्या द्यावी. तेवढी संख्या गावाच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारायला पुरेशी असते. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले नलगोंडा तंत्र, म्हणजे चुना व तुरटी वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत, आठवी-नववीच्या रसायनशास्त्रात सहज बसते. तीही येथे शिकवता येईल.

---

वऱ्हाडी_फळा

पुढच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत जोडतासाचा विषय मांडण्याची परवानगी केंद्रप्रमुखांकडून मिळाली आहे. सुरुवात पाण्यापासूनच करणार आहे. निंबोणी मॅडम, एक प्रत्यक्ष प्रश्न आहे: टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यानंतर नळाच्या पाण्याची ओटी, म्हणजे ऑर्थोटोल्युडिन, चाचणी मुलांकडून करून घ्यावी का? पाणी पिवळे होताना पाहून त्यांना मजा येईल आणि क्लोरीन किती उरले आहे तेही कळेल.

---

डॉक्टर_निंबोणी

मुलांच्या हातात ते द्रावण देऊ नका, सर. ऑर्थोटोल्युडिन आम्लात केलेले असते आणि ते रसायन त्वचेला व एकूणच प्रकृतीला घातक मानले जाते. चाचणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने करावी, मुलांनी एका हाताच्या अंतरावरून रंग पाहावा आणि तारीख, वेळ, नळाची जागा व रंगपट्टीवरील आकडा लिहावा. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे, म्हणून नमुना टाकीजवळच्या नळाचा न घेता गावाच्या टोकाच्या नळाचा घ्या. फ्लोराइडसाठी मात्र ही चाचणी चालत नाही; त्यासाठी वेगळा नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन उपविभागीय प्रयोगशाळेकडे पाठवावा लागेल. जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते आशाताईंना विचारा आणि पहिल्या जोडतासाला त्यांनाच बोलवा.